उपकेंद्रावर कोणाचे काम कोठे संपते? एका समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या प्रश्नाला उत्तर

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे गावपातळीवरच्या आरोग्य उपकेंद्रात, नुकत्याच रुजू झालेल्या समुदाय आरोग्य अधिकारी भगिनींनी एक प्रश्न विचारला आहे. बी.एस्सी. नर्सिंगला असताना प्रत्येकाने आपली भूमिका ओळखावी असे त्यांना शिकवले गेले. प्रत्यक्षात गावातील लोक त्यांनाच डॉक्टर म्हणतात, गावातील आरोग्य स्वयंसेविका आशाताई आणि एएनएम (सहायक परिचारिका-प्रसविका) सिस्टर त्यांच्या आधीच घरोघरी जाऊन आलेल्या असतात, औषध दुकानदार परस्पर सल्ला देतो आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी फोनवर कधी "तुम्हीच बघा" म्हणतात, तर कधी "मला न विचारता का केले?" असे विचारतात. अशा वेळी आपले काम कोणते आणि दुसऱ्याचे कोणते, हे कसे ठरवावे? परिचारिका म्हणून वॉर्डात, पुढे परिचर्येच्या अध्यापनात आणि नंतर तालुका पातळीवरच्या प्रशिक्षणांत मी हा प्रश्न अनेकांच्या तोंडून ऐकला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

कोणत्याही सहकाऱ्याची भूमिका समजून घ्यायची असेल तर तीन गोष्टी विचाराव्यात. कायद्याने आणि सेवानियमांनी त्या व्यक्तीला काय करण्याची परवानगी आहे? रुग्णाविषयीची कोणती माहिती फक्त तिच्याच नजरेस पडते? आणि काम अर्धवट राहिले तर त्याचे उत्तर तिला कोणाला द्यावे लागते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर परिपत्रकात मिळते, तिसऱ्याचे उत्तर हजेरीपट पाहून कळते; दुसऱ्याचे उत्तर मात्र कोठेही लिहिलेले नसते आणि माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. रुग्णाचे नुकसान बहुधा एखाद्याला त्याचे काम येत नाही म्हणून होत नाही. एकाला दिसलेली गोष्ट दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही आणि दोघांनाही ती पोहोचली असे वाटत राहते, तेव्हा ते होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आंतरव्यावसायिक शिक्षण आणि सहकार्याचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यानंतर २०११ मध्ये अमेरिकेतील आरोग्यशिक्षण संस्थांच्या संयुक्त मंडळाने मूल्ये, भूमिका व जबाबदाऱ्या, संवाद आणि संघकार्य अशी चार क्षमताक्षेत्रे ठरवली व पुढे २०१६ आणि २०२३ मध्ये त्यांत सुधारणा केल्या. भूमिकांविषयीच्या भागात दोन अपेक्षा अगदी स्पष्ट आहेत : आपली भूमिका रुग्णाला आणि सहकाऱ्यांना समजावून सांगता यावी, आणि आपल्या मर्यादा ओळखता याव्यात. आपल्याकडे दुसरी अपेक्षा वारंवार सांगितली जाते आणि पहिली विसरली जाते. भारतात २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित वैद्यकीय अभ्यासक्रमातही पदवीधर डॉक्टरने आरोग्यसंघाचा नेता आणि त्याच संघाचा सदस्य, असे दोन्ही व्हावे असे म्हटले आहे. त्यातला 'सदस्य' हा शब्द डॉक्टरांनी आणि आपणही गांभीर्याने घ्यायला हवा, कारण सदस्याला प्रश्न विचारता येतो आणि सदस्याने त्याचे उत्तर द्यायचे असते.

आता तुमच्या पदाविषयी. २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्य व कल्याण केंद्रांत (आताची आयुष्मान आरोग्य मंदिरे) करण्याचे ठरले आणि त्यांसाठी समुदाय आरोग्य अधिकारी हे पद पुढे आले. साधारण पाच हजार, आणि डोंगराळ भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असते. कणकुंबी, जांबोटीकडच्या पट्ट्यात दुसरा आकडा लागू होतो आणि पावसाळ्यात तोही जड वाटतो. तीस वर्षांवरील लोकांची मधुमेह, उच्च रक्तदाब तसेच तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी करणे, संशयित रुग्ण वर पाठवणे, वैद्यकीय अधिकाऱ्यांनी निदान करून ठरवलेली औषधे दरमहा देणे, रुग्ण ती घेतो की नाही हे पाहणे, गरज पडल्यास ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवरून डॉक्टरांचा सल्ला मिळवून देणे आणि उपकेंद्राच्या संघाचे काम एका दिशेने नेणे, हे तुमच्या भूमिकेचे मुख्य अंग आहे. रक्तदाबाचे निदान पक्के करून पहिली गोळी लिहिणे हे वैद्यकीय अधिकाऱ्यांचे काम आहे. पण तीच गोळी तिसऱ्या महिन्यात रुग्णाने का सोडली, हे तुम्हालाच कळणार आहे, डॉक्टरांना नाही.

लोक डॉक्टर म्हणतात तेव्हा अवघडून गप्प बसू नका. "मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे, तपासणी करते, डॉक्टरांनी ठरवलेले औषध देते, आणि त्यापुढचे काही लागले तर त्यांच्याशी बोलून तुम्हाला पाठवते" असे पहिल्याच भेटीत सांगा. हे ऐकून रुग्ण कमी होत नाहीत. उलट पुढे तुम्ही एखाद्याला बेळगावला जायला सांगता तेव्हा तुम्ही टाळत आहात असे त्याला वाटत नाही.

एएनएम आणि आशा यांच्या कामाशी तुमचे काम सर्वांत जास्त गुंतलेले आहे. कर्नाटकात एएनएमना आता प्राथमिक आरोग्य सुरक्षा अधिकारी म्हणतात, तरी गावात त्या सिस्टरच आहेत. लसीकरण, गरोदरपणातील तपासण्या, बाळंतपणानंतरच्या भेटी आणि त्यांच्या नोंदी यांची जबाबदारी त्यांच्याकडे असते. आशाताई साधारण हजार लोकसंख्येमागे एक असते; तीस वर्षांवरील प्रत्येकाची जोखीम तपासण्याचा तक्ता तीच भरते आणि ज्यांचे गुण चारांपेक्षा जास्त येतात त्यांना तपासणीसाठी आधी बोलावले जाते. हा तक्ता म्हणजे कागद भरण्याचे काम आहे असे समजून जो समुदाय आरोग्य अधिकारी तो न वाचता फक्त मशीन लावतो, त्याने आपल्या संघातल्या एका माणसाचे डोळेच बंद केलेले असतात. तंबाखू कोण खाते, कोण दारू पिते, कोणाच्या वडिलांना लकवा झाला होता, हे आशाताईने उंबऱ्यावर बसून विचारलेले असते. ओ.पी.डी.च्या टेबलासमोर तेवढे खरे उत्तर मिळत नाही.

पदनामापेक्षा प्रशिक्षण, देखरेख आणि परिस्थिती यांवर भूमिका ठरते याचा जगाला दाखवता येईल असा पुरावा आपल्याच जिल्ह्यात तयार झाला आहे. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव टाळण्यासाठी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तोंडावाटे द्याव्यात का, याचा अभ्यास बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात झाला आणि २००६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १,६२० स्त्रियांचा त्यात समावेश होता आणि बाळंतपणाच्या वेळी गोळी देणाऱ्या होत्या एएनएम, डॉक्टर नव्हेत. ज्या स्त्रियांना औषध नसलेली गोळी मिळाली त्यांच्यात १२ टक्के स्त्रियांना प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव झाला. मिसोप्रोस्टॉल मिळालेल्या स्त्रियांत हे प्रमाण ६.४ टक्के होते. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कारणासाठी मिसोप्रोस्टॉलचा समावेश आवश्यक औषधांच्या यादीत केला. एएनएमच्या हातात किती द्यावे, यावर बैठकीत वाद होतो तेव्हा मी या अभ्यासाची आठवण करून देते.

त्याच वेळी दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१४ ते २०१६ या काळात बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत गरोदरपणातील वाढत्या रक्तदाबासाठी आशा आणि एएनएम यांनी घरी जाऊन तपासणी करावी, गरजेनुसार पहिले औषध द्यावे आणि रुग्णालयात पाठवावे, असा प्रयोग झाला. माता आणि बालकांचे मृत्यू व गंभीर गुंतागुंती यांचे एकत्रित मोजलेले प्रमाण त्याने कमी झाले नाही. खालच्या पायरीवर काम वाढवून भागत नाही. ज्या रुग्णालयात पाठवायचे तेथे त्या स्त्रीला तातडीने हाती घेणारा माणूस असावा लागतो, असा त्याचा अर्थ मी घेते. भूमिकांची वाटणी करताना 'कोण पाठवणार' याइतकेच 'कोण घेणार' हे नक्की असले पाहिजे.

आता एक उदाहरण जरा बारकाईने पाहू. साठीच्या पुढची एक मधुमेही आजी शहरातल्या मोठ्या रुग्णालयातून इन्सुलिन सुरू करून गावी परतते. कागदावर लिहिलेले असते, सकाळी २० युनिट. बाटली असते ४० युनिट प्रतिमिलिलिटरची, जी आपल्याकडे नेहमी मिळते आणि जिच्यासाठी लाल टोपणाची सिरिंज लागते. गावाजवळच्या दुकानात लाल टोपणाची सिरिंज संपलेली असते, म्हणून नारिंगी टोपणाची, म्हणजे १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी असलेली सिरिंज दिली जाते. सून त्या सिरिंजवर २० च्या रेषेपर्यंत औषध ओढते आणि आजीच्या शरीरात प्रत्यक्षात जातात ८ युनिट. साखर उतरत नाही. पुढच्या भेटीत डॉक्टर कागद पाहतात, साखर पाहतात आणि त्यांच्या दृष्टीने योग्यच निर्णय घेऊन डोस वाढवत ३६ युनिटपर्यंत नेतात, तरी शरीरात साडेचौदाच्या आसपासच युनिट जात असतात. मग एके दिवशी दुकानात लाल टोपणाची सिरिंज येते, सून पुन्हा ३६ च्या रेषेपर्यंत ओढते आणि आजीला एकदम अडीच पट इन्सुलिन मिळते. त्या दिवशी एकादशी असेल आणि आजीने सकाळी फक्त चहा घेतला असेल, तर दुपारपर्यंत ती घामाघूम होऊन बेशुद्ध पडलेली आढळते.

यात कोणाचे काम चुकले? डॉक्टरांनी डोस ठरवला, पण कोणत्या सिरिंजने औषध दिले जाते हे विचारले नाही. बाटली आणि सिरिंज यांचा मेळ आहे का हे पाहणे औषधनिर्मात्याच्या ज्ञानाचा भाग आहे, आणि रुग्णाला ते समजावणे हेही फार्मसी व्यवसायाच्या २०१५ च्या नियमांनी त्याच्यावर सोपवलेले काम आहे. रुग्णालयातील परिचारिकेने घरी सोडण्यापूर्वी सुनेच्या हातून एकदा औषध ओढवून घ्यायला हवे होते. आहारतज्ज्ञाने उपासाचे विचारायला हवे होते. खानापूरकडे दोन वेळा भात आणि बेळगावच्या पूर्वेकडे ज्वारीची भाकरी हा फरकही त्यालाच सांगता येतो. आणि ही आजी माळकरी आहे, महिन्यातून दोन एकादश्या करते, घरात फ्रिज नाही म्हणून बाटली पाण्याच्या माठाजवळ ठेवते, हे सगळे आशाताईला आधीपासून ठाऊक होते. तिला ते कोणी विचारले नव्हते, कारण इन्सुलिन हा आशाताईचा विषय आहे असे कोणालाच वाटत नव्हते.

तुम्ही येथे काय करू शकता? डोस बदलणे तुमच्या अधिकारात नाही. पण पहिल्या घरभेटीत बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजचे टोपण शेजारी ठेवून पाहणे, सुनेला समोर ओढायला लावणे, उपासाचे दिवस वहीत टिपून वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवणे आणि त्या दिवशी काय करायचे हे त्यांच्याकडून लिहून घेणे, हे सर्व तुमच्या अधिकारात आहे. साखर ७० च्या खाली गेली, हात थरथरू लागले आणि आजी शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायला कोणाच्या परवानगीची वाट पाहायची नसते. हे सुनेला आणि आशाताईला दोघींनाही सांगून ठेवा.

औषधनिर्मात्याविषयी थोडे अधिक सांगते, कारण या भागात त्याला केवळ दुकानदार समजण्याची सवय आहे. शेड्यूल एचमधील, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणारे, औषध चिठ्ठीवर लिहिलेले असेल, तर त्याच्या जागी दुसरे औषध परस्पर देण्याची त्याला परवानगी नाही. परंतु डोस चुकीचा वाटला, दोन औषधे एकमेकांना बाधक वाटली, तर देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे हे त्याचे कर्तव्य आहे आणि असा फोन आला तर तो अपमान समजू नये, हे डॉक्टरांचे. तुमच्या उपकेंद्राच्या परिसरातल्या दोन-तीन औषधनिर्मात्यांची ओळख करून घ्या. इन्सुलिन, मिरगीची आणि क्षयाची औषधे घेणाऱ्या रुग्णाने एखादा महिना औषध नेले नाही, हे तुमच्या आधी त्यांना कळते.

सीमाभागात आणखी एक काम असते जे कोणाच्याच कर्तव्यसूचीत नाही, आणि ते म्हणजे दुभाष्याचे. रुग्ण मराठी, नोंदी कन्नड किंवा इंग्रजी, डॉक्टर दक्षिण कर्नाटकातून बदली होऊन आलेले, असे चित्र आपल्याकडे रोजचे आहे. काही घरांत त्यात उर्दूचीही भर पडते. अशा वेळी जो हाताशी असेल तो दुभाषा होतो. कधी वॉर्डातील आया, कधी शेजारच्या खाटेवरचा नातेवाईक, कधी स्वतःच्या आजाराबद्दल सासूला कळू नये असे वाटणाऱ्या स्त्रीची सासूच. मला हे घातक वाटते. दोन्ही भाषा येणारा आणि आरोग्याचे प्रशिक्षण असलेला एक माणूस दर ओ.पी.डी.त आधी नेमावा, त्याने स्वतःचे मत न घालता सांगावे, आणि केसपेपरवर कोणी अर्थ सांगितला त्याचे नाव लिहावे. संमतीपत्रावर सही घेण्यापूर्वी आणि घरी सोडताना रुग्णाने आपल्याला काय समजले ते स्वतःच्या शब्दांत परत सांगावे. त्याने फक्त मान डोलावली तर समजले असे धरू नये. या कामासाठी अनेकदा परिचारिकेची निवड होईल आणि ती योग्यच आहे, पण मग तेवढा वेळ तिच्या कामाच्या वाटणीत धरला गेला पाहिजे.

डॉक्टर फोनवर "तुम्हीच बघा" म्हणतात, त्याविषयी. बहुतेक वेळा त्यांना आपल्या बोलण्यातून चित्रच दिसलेले नसते. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतून रुग्णालयांत आलेली एक पद्धत येथे उपयोगी पडते : परिस्थिती, पार्श्वभूमी, आपला अंदाज आणि आपली विनंती, या क्रमाने बोलायचे. समजा, तुमच्यासमोर आठव्या महिन्यातील गरोदर स्त्री आहे आणि तिला प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब धोकादायकरीत्या वाढण्याचा आजार, असावा अशी शंका आहे; त्यात झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन देतात. तुम्ही म्हणाल, "डॉक्टर, मी उपकेंद्रातून समुदाय आरोग्य अधिकारी बोलते आहे. आठव्या महिन्यातील पहिलटकरीण समोर आहे. पंधरा मिनिटांच्या अंतराने दोनदा रक्तदाब १६०/११० आला आहे, डोके खूप दुखते आहे आणि डोळ्यांपुढे अंधारी येते आहे. मागच्या महिन्यात रक्तदाब १२०/८० होता. आज लघवीत प्रथिने दोन प्लस आहेत. मला हा गंभीर प्रीएक्लॅम्प्सिया वाटतो. १०८ बोलावली आहे. मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस येथे द्यावा का ते सांगा, आणि पुढच्या रुग्णालयाला आपण फोन करावा अशी विनंती आहे." एवढे ऐकल्यावर "तुम्हीच बघा" म्हणणे कोणालाही कठीण जाते. डॉक्टरांनी सांगितलेला डोस फोन ठेवण्यापूर्वी परत म्हणून दाखवा : "प्रत्येक कुल्ल्यात पाच ग्रॅम, एकूण दहा ग्रॅम, स्नायूत खोलवर." मग वेळेसह वहीत लिहा. अंदाज सांगताना पुष्कळ परिचारिका कचरतात, कारण निदान करणे आपले काम नाही असे मनात ठसलेले असते. परंतु अंदाज सांगणे हे निदानावर अतिक्रमण नाही. रुग्णाजवळ उभ्या असलेल्या प्रशिक्षित माणसाचे ते मत आहे आणि ते ऐकून निर्णय घेण्याची जबाबदारी डॉक्टरांचीच राहते.

भौतिकोपचारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि नेत्रतपासनीस यांच्यासाठी २०२१ मध्ये संसदेने स्वतंत्र आयोगाचा कायदा केला आहे. तेव्हा डॉक्टरचे मदतनीस या जुन्या नजरेने त्यांच्याकडे पाहणे सोडावे. लकवा झालेल्या रुग्णाच्या बाबतीत भौतिकोपचारतज्ज्ञाने पहिल्या आठवड्यात घरच्यांना शिकवलेली कूस बदलण्याची पद्धत पुढे गावात चालू राहिली की नाही, हे पाहणे मात्र तुमच्याकडे येते. सरकारी आरोग्य योजनेखाली उपचार घ्यायचे असतील तर रुग्णालयातील आरोग्यमित्र, म्हणजे योजनेबाबत रुग्णाला मदत करणारा कर्मचारी, हाही संघाचाच माणूस समजा. आरोग्य कर्नाटक योजनेत तातडीचा प्रसंग वगळता मोठ्या उपचारांसाठी सामान्यतः सरकारी रुग्णालयाची शिफारस लागते, आणि हे ठाऊक नसल्याने कुटुंबे थेट खासगी दवाखान्यात जाऊन पैसे भरून बसतात. पहिल्या भेटीतच ते सांगितले तर त्यांचा मोठा खर्च वाचतो.

शेवटी, आपल्या भागात जबाबदारी सर्वांत जास्त वेळा जेथे निसटते ती जागा : माहेरपण. खानापुरात दिलेली चंदगड किंवा गडहिंग्लजकडची मुलगी सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाते आणि राज्याची हद्द ओलांडताच तिची आशा, तिची सिस्टर, तिचे डॉक्टर आणि तिची योजना, सगळे बदलते. इकडचे तायी कार्ड, म्हणजे गरोदर मातेच्या नोंदींचे कार्ड, कन्नडमध्ये असते; तिकडच्या सिस्टरला ते वाचता येईलच असे नाही. इकडे यादीत 'स्थलांतरित' असा शेरा पडतो आणि तिकडे नाव चढायला महिना जातो. नेमक्या त्याच महिन्यात रक्तदाब वाढतो किंवा रक्त कमी होते. ती जाण्यापूर्वी तुम्ही एका कागदावर मराठीत आणि इंग्रजीत प्रसूतीची अपेक्षित तारीख, रक्तगट, शेवटचे हिमोग्लोबिन, शेवटचा रक्तदाब, चालू औषधे आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहून तो कार्डाला जोडा, माहेरच्या गावच्या उपकेंद्राचा क्रमांक आशाताईमार्फत मिळवून तेथील सिस्टरशी स्वतः बोला, आणि ती मुलगी तेथे तपासणीला आली असे त्या सिस्टरने कळवेपर्यंत तिचे नाव आपल्या यादीतून काढू नका.